गाडीचं नाक

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा कळंबजवळच्या एका कारखान्यात फिटर होतो आणि फिटर असल्याचा मला फार माज होता. पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने हौशी लोकांसाठी लोखंडी सांगाडा आणि फायबरची बॉडी असा सुटा माल विकायला काढला होता. इंजिन आपलं आपण बघायचं. अपघातातल्या एका गाडीचं इंजिन मी मिळवलं आणि वर्षभर सुट्टीच्या दिवशी अंगणात खपून ती दोन माणसांची उघडी गाडी उभी केली.

गाडीवर माझ्यापेक्षा आबांचा जास्त जीव होता. आबा म्हणजे माझे वडील; ते अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालले, मग कॅनॉलच्या पाण्यावर शेती करायला लागले. त्यांची थोरली बहीण सांगवीला दिलेली. त्यांनी तिला निरोप धाडला होता, "औंदा भाऊबीजेला पोराच्या गाडीतनं येतो."

गाडीला खोड एकच होती. उन्हात चढ आला की तिला दम लागायचा. एअर फिल्टर इंजिनच्या डोक्यावर असल्याने ती बॉनेटखालची तापलेली हवा ओढत होती. हवेचा पाइप फिरवून खाली बंपरमागं काढला तर गार हवा मिळेल, असं मी ठरवलं. घरात विहिरीवरच्या मोटारीच्या सक्शन पाइपचा तुकडा उरला होता. तो क्लिपा लावून बसवला आणि त्याचं तोंड रस्त्यापासून वीतभर उंचीवर ठेवलं. गाडी पळायला लागली.

आबा वाकून बघत म्हणाले, "ह्यातनं ती श्वास घेती व्हय?"

"व्हय."

"मग नाक खाली कशापायी नेलंस? मेंढरू पाण्यात उतरलं की आधी नाक वर करतं. आन् ह्यो पाइप तर पाणी वढायचाच हाय."

मी हसलो. "आबा, ही गाडी हाय, मेंढरू न्हाय." अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांना बघूनच.

भाऊबीजेला सकाळी निघालो. आबांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत आत्यासाठी हिरवं काठाचं लुगडं. गावाबाहेरच्या ओढ्याला कॅनॉलचं जादा पाणी सोडलेलं होतं. आबा म्हणाले, "थांब, मी उतरून बघतो." मी थांबलो नाही. मधोमध गेल्यावर गाडीने एक उचकी दिली, आतून लोखंड वाजलं आणि ती बंद पडली. विहिरीतून पाणी ओढणाऱ्या पाइपने ओढ्यातलं पाणी ओढलं होतं.

आबा खाली उतरले. पिशवी डोक्यावर धरून पलीकडे गेले, काठावर ठेवून परत आले आणि गाडी ढकलायला लागले. गाडी काठाला लागते तोच सांगवीच्या वाटेवरची बारामतीची एसटी आली. कंडक्टरने हाक मारली. आबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "थांबा, आबा. आत्ता चालू करतो."

त्यांनी एसटी जाऊ दिली. दुपारची दुसरीही जाऊ दिली. तोवर मला कळून चुकलं होतं की पाणी आत गेल्याने इंजिनातला रॉड वाकलाय आणि गाडी आज काय, महिनाभर हलणार नाही. पण ते त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना. पाना हातात घेऊन मी उगाच नट सैल करत होतो, आवळत होतो. आज तो पाइप मला एवढा आठवत नाही, पण ते 'थांबा' आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आत्याने दिवेलागणीपर्यंत ताट झाकून ठेवलं होतं, असं मागून कळलं. चार दिवसांनी आबा एसटीने एकटे जायला निघाले तेव्हा मीच अडवलं. "पंधरा दिसांत नीट करतो, मग गाडीतनंच जाऊ." पंधरा दिवसांचे तीन महिने झाले. पाइप फिरवून पुन्हा वर घेतला, रॉड मात्र मिळेना.

माघात सांगवीहून आत्या गेल्याचा निरोप आला. आम्ही एसटीने गेलो. सवाष्ण बाई गेली की तिला माहेरचं लुगडं लागतं. आबांनी पिशवीतून तेच हिरवं लुगडं काढलं. पाण्याचा थेंबही न लागलेलं, घडी न मोडलेलं. बायकांनी ते तिला नेसवलं.

आत्याच्या यजमानांनी विचारलं, "भाऊबीजेला का आला न्हाईत? लई वाट बघितली तिनं."

आबा म्हणाले, "वढ्याला पाणी लई हुतं, दाजी. छातीएवढं."

पाणी माझ्या गुडघ्यालाही लागलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो आणि गप्प राहिलो.