झोपाळ्यावरचा तांदूळ

ब्रह्मदेवाने पृथ्वी केली तेव्हा ती आमच्या साडूंना दाखवली नाही हे फार बरं झालं. नाहीतर आपण सगळे अजून बाहेरच ताटकळत उभे असतो. म्हातारी प्रवासी विमानं मालवाहू करायची असली की आतल्या खुर्च्या काढतात, खिडक्या बुजवतात आणि कुशीत टेम्पो जाईल एवढा दरवाजा कापतात. एवढं कापल्यावर सांगाडा टिकेल का, तडा कुठे जाईल, हे तपासणं साडूंचं काम. "भोक कोणीही पाडेल हो, त्याच्या कोपऱ्यांकडे बघतो कोण?" हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत, त्यांच्या हातात मेदूवडा असताना, ऐकलेलं आहे.

खिशात कायम बॅटरी आणि भिंग. मंडईत लाल भोपळा घेतानाही देठापाशी केसाएवढी चीर शोधणार. भाजीवाल्या मावशी एकदा वैतागून म्हणाल्या, "साहेब, भाजी करायचीय का यात बसून जायचंय?" साडूंना विनोद कळत नाही. "बसून जायचं असतं तर हा घेतलाच नसता," असं सांगून त्यांनी पुढचा भोपळा उचलला.

असल्या माणसाकडे ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, झोपाळा मागितला. वाघोलीच्या नव्या घरात आल्यापासून त्यांची तेवढीच हौस. साडूंनी आणला, टांगलाही. पण कड्यांची खात्री होईपर्यंत त्यावर तांदळाची पोती ठेवली. दर रविवारी स्टुलावर चढून छताला भिंग लावायचं आणि म्हणायचं, "अजून थोडे दिवस बघू." दिवाळी गेली, पाडवा गेला. तांदूळ झोके घेतोय आणि ताई शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर मटार सोलतायत. "माझाही झोपाळा मालवाहू केलाय यांनी," त्या म्हणायच्या. आम्ही हसायचो. त्या हसायच्या नाहीत.

यंदा ताईंच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. जन्मभर चिरा शोधलेल्या या गृहस्थांना बायकोचे टाके काही बघवेनात. ड्रेसिंगची वेळ झाली की ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसत. ताईंना घरी आणलं त्या दिवशी मी होतो. साडूंनी भिंग न काढता, धापा टाकत पोती उतरवली आणि फळी पुसली. ताई बसल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "अहो, तुम्हीही बसा की."

"दोघांच्या वजनाची तपासणी झालेली नाही."

"बसा."

बसले. पण दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकवून, होता नव्हता तेवढा भार स्वतःच्या पायांवर घेऊन. झोपाळा काही हलेना. ताईंनीही तो हलवला नाही.