गरम इंजिनाचे टॅपेट

माझं पोस्टिंग तेव्हा सिक्कीमच्या वरच्या अंगाला होतं. उंची अकरा हजार फूट. मी ईएमईचा, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती विभागाचा हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. पत्र्याची एक शेड, चार गाड्या आणि साडेतीनशे सीसीची एक मोटारसायकल एवढा माझा संसार. मोटारसायकल चालवायचा नाईक प्रवीण ओव्हाळ. सिग्नल्सचा डीआर, म्हणजे डाक पोचवणारा स्वार. तो घाटकोपरचा, मी मुलुंडचा. तिकडे एवढं अंतर म्हणजे सख्खे शेजारीच.

रूटीन ठरलेलं होतं. आठवड्यातून दोनदा प्रवीण 0500 ला डाक घेऊन वरच्या पोस्टला निघायचा. वाटेत चाळीस मिनिटांवर एक कडा होता. रात्री गोठलेले दगड त्याला चिकटून राहायचे आणि सव्वासहाला ऊन लागलं की सुटायला लागायचे. म्हणून ऑर्डर एकच होती: ऊन लागायच्या आत कडा पार.

आता इंजिनाबद्दल चार ओळी, नाहीतर पुढचं कळणार नाही. व्हॉल्व्ह दोन असतात. त्यांना खालून ढकलायला दोन काड्या असतात, पुशरॉड म्हणतात. टॅपेट बसवायचे म्हणजे त्या काड्यांची ढील बघायची. काडी दोन बोटांत फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. आणि हे इंजिन पूर्ण थंड असतानाच करायचं. गरम असताना सिलिंडर फुगलेला असतो. तेव्हा बरोबर वाटणारी काडी थंडीत आवळून बसते, व्हॉल्व्ह मिटत नाही, किक पोकळ जाते. हे मला ट्रेनिंगच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. न कळून केलं असं म्हणायची सोय नाही.

त्या दिवशी प्रवीण 1800 ला परत आला. म्हणाला, "टॅपेट लई वाजतायत रे. सकाळी जायचंय, बघ ना."

"रात्रीचं जेवण झाल्यावर करतो. तापलीय."

असं म्हणालो खरं. पण त्या दिवशी मेसमध्ये मटण होतं. उशिरा जाणाऱ्याच्या ताटात नुसता रस्सा पडायचा, आणि जेवून परत थंडीत शेडवर यायचं जिवावर आलं होतं. मी तसंच, चटके खात, वीस मिनिटांत टॅपेट बसवले. जॉब कार्डवर लिहिलं, इंजिन थंड, तपासलं, ओके. खाली सही. मग मटण खाल्लं. चांगलं झालं होतं.

सकाळी 0500. शेडबाहेर बोटं वाकत नव्हती. प्रवीण हेल्मेट घालून तयार. किक मारली, पाय सरळ खाली गेला. कॉम्प्रेशनच नाही. वीस-पंचवीस किका झाल्या. मला पहिल्याच किकेला कळलं होतं, तरी मी प्लग काढून पुसत बसलो. शेवटी कव्हर उघडलं आणि दोन्ही काड्या ढिल्या केल्या. गाडी सुरू झाली तेव्हा 0548 झाले होते.

"काय झालं होतं रे?"

"थंडी."

"झकास. तुमचं बरंय, सगळं थंडीवर ढकलायचं." तो हसला. मग त्याने वर बघितलं. "ऊन येईल रे. सुभेदार साहेबांना विचारू का? उद्या जातो."

साहेबांनी आधी जॉब कार्ड मागवलं असतं. मी म्हणालो, "जा रे, तू उडवत नेशील. अजून वेळ आहे."

वेळ नव्हता. चाळीस मिनिटांचा हिशेब मला येत होता. गेटवरच्या संत्रीने नोंद केली: डीआर आउट 0550.

0720 ला मी रेडिओजवळ उभा होतो. ऑपरेटरने वर विचारलं, "डीआर पहुंचा? ओव्हर."

"निगेटिव्ह. ओव्हर."

0740 ला परत निगेटिव्ह. 0805 ला शोधायला पार्टी निघाली, त्यात मी होतो. कड्याखाली मोटारसायकल उभीच होती, भिंतीला टेकून. प्रवीण दहा पावलं पुढे होता. दगड पडू लागल्यावर गाडी लावून धावला असणार. डाकेची बॅग अंगाखाली होती, कोरडी. मी इंजिनाला हात लावला. का लावला, माहीत नाही. ते अजून कोमट होतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला दोनच प्रश्न झाले.

"गाडी फिट थी?"

"फिट थी, साब."

"लेट क्यों निकला?"

"मालूम नहीं, साब."

कागदावर आलं, रायडर ठरल्या वेळेपेक्षा उशिरा निघाला. मुंबईचा म्हणून प्रवीणच्या पेटीबरोबर एस्कॉर्टला मलाच पाठवलं. घाटकोपरला, दारातच, त्याची बायको रेखा म्हणाली, "भाऊजी, ऊन लागायच्या आत जायचं असतं ना? पत्रात लिहायचे ते. मग?"

"उशीर झाला त्याला," मी म्हणालो.

झालं. झोपून राहिला असणार, हे तिने धरूनच घेतलं; लग्नाच्या दिवशीही प्रवीण झोपून राहिला होता म्हणे, भावाने पाणी मारून उठवला. माझं ते ऐकल्यापासून रेखावहिनी म्हणत आली, "झोपाळू मेला. झोपेपायी मला टाकून गेला." बावीस वर्षं. तेही रागानेच, त्याच्या फोटोकडे बघून. मी समोर बसून जेवत असायचो.

कारण मी दर वर्षी जात होतो. प्रवीणने सुट्टीत घेतलेली तसलीच जुनी मोटारसायकल वहिनीने विकली नाही. नर्सची नोकरी सांभाळून स्वतः चालवायला शिकली. मी नेहमी थंडीतल्या एका रविवारी सकाळी जायचो, टॅपेट बसवायचो, ती मासे करायची. लोक म्हणायचे, दोस्ती असावी तर अशी. मला तोंड लपवायला जागा नसायची.

गेल्या वर्षी पोचलो तर गाडी तापलेली. वहिनी आरे कॉलनीत फेरी मारून आली होती.

"घ्या करायला, भाऊजी. बांगडे तळायचेच बाकी आहेत."

"आत्ता नाही होणार. चार तास तरी थांबावं लागेल."

"अहो, वीस मिनिटांचं काम तुमचं. गरम असलं तर काय होतं?"

काहीही थाप चालली असती, तिला काय कळणार होतं. पण तिने तो प्रश्न इतका सहज विचारला की मला थाप मारवेना. म्हणालो, "गरम असताना बसवले तर सकाळी गाडी सुरू होत नाही. प्रवीणची झाली नव्हती." आणि मग सगळं सांगितलं. मटणसुद्धा.

ती माझ्यासमोर येऊन बसली. मग विचारलं, "म्हणजे तो उठला होता?"

"साडेचारला. मला त्यानेच उठवलं."

"आणि उद्या जातो म्हणाला?"

"हो."

"मी त्याला किती शिव्या घातल्या," ती म्हणाली, आणि पदर तोंडात धरून रडली. मी तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं, त्याची पेटी आली त्या दिवशीसुद्धा नाही. मग माझ्याकडे वळली. भाऊजी नाही, तुम्ही नाही. "आणि तू? मी त्याला बोलत असायची, तू मान खाली घालून माझ्या हातचं जेवत होतास?"

मी हो म्हणालो.

तिने जा म्हटलं नाही. बांगडेही तळले नाहीत. दुपारी दीडला बाहेर येऊन इंजिनाला हात लावला. "थंड झालंय. दाखव, मी करते." मी सांगत गेलो, ती करत गेली. पहिल्यांदा आवळलं, दुसऱ्यांदा ढिलं राहिलं, तिसऱ्यांदा जमलं. हात पुसत म्हणाली, "पुढच्या वर्षी येऊ नकोस. आणि हे सगळं लिहून काढ. उशीर कुणाचा होता ते चार लोकांना कळू दे."

म्हणून लिहिलं. नाईक प्रवीण ओव्हाळ, सिग्नल्स, वय एकतीस. त्या सकाळी साडेचारला उठला. पाचला हेल्मेट घालून तयार होता. उशीर माझा होता.