विसाव्या मुलीची टी.सी.

मी भित्री बाई नाही. कॉलेजच्या भांडारखोलीत निघालेला नाग मी परातीखाली दाबला होता आणि शिपाई येईस्तोवर त्या परातीवर बसून दोन वर्गांच्या वह्या तपासल्या होत्या. तो नाग होता की धामण, यावर शिपायाचं आणि माझं अजून एकमत नाही. पण हीच मी जून लागला की गळून जायचे. ऑगस्टात पटाची तपासणी होऊन शिक्षण खात्याच्या साहेबांची जीप फाटकाबाहेर जाईपर्यंत सावरायचे नाही.

दिग्रसकडच्या एका तालुक्याच्या लहानशा कॉलेजात मी गृहअर्थशास्त्र शिकवायचे. पहिल्या वर्षाला वीस मुली हव्यात असं आमच्याकडे ठरलेलं. वीस नाहीत तर विषय बंद, आणि विषय बंद तर मी अतिरिक्त. आमचे एक सर असे अतिरिक्त झाले होते. तीन कॉलेजं फिरले, आणि शेवटच्या कॉलेजात त्यांना म्हणे सायकल स्टँडच्या छपराखाली टेबल मिळालं. हे मी ऐकलेलं. पण मला रोज स्वप्नात तेच छप्पर दिसायचं आणि खालच्या टेबलाशी मी बसलेली असायचे.

नोकरीला लागले तेव्हा वाटायचं की मुली ग्रंथालय बघून कॉलेज निवडतात, शिकवणं बघून निवडतात. दोन जून काढल्यावर हा भ्रम फिटला. मुली कॉलेज निवडतात ते दहाच्या एस.टी.वर. एका गावाची दहाची गाडी बंद झाली तर माझ्या पाच मुली त्या गाडीबरोबर गेल्या. बाकीचं कापूस ठरवायचा. ती वर्षं कापसाची फार वाईट होती. बोंडं गळाली की माझे बाक रिकामे पडायचे आणि लग्नाच्या पत्रिका वाढायच्या. अमरावतीच्या मोठ्या सरकारी कॉलेजला याचं काय? तिथे वसतिगृह होतं आणि अर्जांची जत्रा भरायची. एक मुलगी कमी आली तर तिथल्या कोणाच्या ध्यानातही येत नसेल. इथे एका मुलीवर माझी खुर्ची टांगलेली.

म्हणून जून लागला की आम्ही सगळे प्राध्यापक गावोगाव निघायचो. या धंद्याचा एकच नियम होता: ज्याच्या पिशवीत मुलीची मूळ टी.सी., त्याची मुलगी. अर्ज, शब्द, चहापाणी यांना काही किंमत नाही. शाळा सोडल्याचा तो कागद हातात आला की पाठ वळवायची आणि मिळेल ती काळीपिवळी पकडायची.

त्या वर्षी माझ्या एकोणीस झाल्या आणि तिथेच अडल्या. दहा दिवस एकोणीस. मी कळंबच्या चिंतामणीला नवस बोलले, घरातल्या देवांना बोलले, शेवटी शिपायाच्या मुलीला बोलले, पण ती सातवीत होती. मग कळलं की उमरखेड रस्त्यावरच्या एका गावात एक मुलगी बारावी झाली आहे. सायन्सला, तेही चांगल्या मार्कांनी. सायन्सची मुलगी गृहअर्थशास्त्राला कशी आणायची हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही.

तिचे वडील कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. कापूसच येत नसल्यामुळे जिनिंग लवकर बंद पडलं होतं आणि ते अंगणात एक पंखा उघडून बसले होते. मुलगी मामाकडे गेली होती. ते म्हणाले, पोरीनं अमरावतीला अर्ज टाकून ठेवला आहे, नंबर लागला तर पाठवू.

मग मी सुरू झाले. अमरावतीचा वर्ग एवढा लांब की शेवटच्या बाकावरून फळा बघायला दुर्बीण लागते, म्हटलं. मास्तर पहिल्या बाकाला बोलतात ते शेवटच्या बाकाला दुसऱ्या दिवशी पोचतं. एवढ्यावर ते नुसते हसले. तेव्हा मी आवाज खाली आणला आणि सांगितलं की एक खेड्यातली मुलगी तिथे पहिल्याच दिवशी हरवली. तीन दिवस त्या इमारतींमधून फिरत होती, कोणी विचारलं नाही, कारण तिथे कोणी कोणाला ओळखतच नाही.

ते हसायचे थांबले. हातातला पाना खाली ठेवून आत गेले आणि टी.सी. घेऊन आले. माझ्या विसाव्या मुलीचा कागद पर्समध्ये घालताना मला लाज वाटली असं आज लिहायला बरं वाटेल. तेव्हा फक्त सुटले असं वाटलं.

आठवड्याने ती मुलगी एकटीच कॉलेजात आली. किडकिडीत, तेल लावून घट्ट वेणी, हातात प्लास्टिकची पिशवी. मी प्रात्यक्षिकाच्या खोलीत जॅमच्या बाटल्या पुसत होते. ती म्हणाली, अमरावतीच्या यादीत नाव लागलं आहे, परवा शेवटची तारीख, मूळ टी.सी. लागते.

टी.सी. समोरच्या ओट्यावरच्या पर्समध्ये होती. मी म्हटलं, ती ऑफिसातल्या बाबूंच्या कपाटात आहे, आणि बाबू आज रजेवर. तिने मान हलवली आणि स्टुलावर बसली. मी विचारलं, आता काय? म्हणाली, बाबू येतपर्यंत बसते.

ती बसली. मी पुसलेल्या बाटल्या पुन्हा पुसल्या. आमचे बाबू दारावरून दोनदा गेले, एकदा तर मोठ्याने शिंकले. तिला ते ओळखू येत नव्हते म्हणून निभावलं. ही उठली की माझ्या एकोणीस. सायकल स्टँडचं छप्पर मला खिडकीतून दिसायला लागलं होतं, जरी आमच्या खिडकीतून नुसता हातपंप दिसतो.

तासाभराने ती एकदाच बोलली.

“मॅडम, थे पोरगी मंग सापडली का?”

“कोणती?”

“हरपली होती थे. बाबा आता नाहीच म्हंतेत. मलेही भेव लागून राह्यलं, पण मले जाचं हाये.”

ओढणीचं टोक तिने बोटाला एवढं आवळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. इतका वेळ मला वाटत होतं की या खोलीत भ्यालेली मी एकटीच आहे.

मी पर्स उघडली, टी.सी. तिच्या पिशवीत घातली आणि बाबू रजेवर नाहीत हेही सांगितलं. तिने पिशवीची गाठ मारली. पण नुसत्या कागदाने तिचं भागणार नव्हतं. घरी नाही म्हणणारा बाप होता, आणि तो नकार मीच पेरला होता. चारच्या एस.टी.ने मी तिच्याबरोबर गेले.

फिटर अंगणातच होते. पंखा अजून उघडाच. मी सांगून टाकलं, की ती हरवलेली मुलगी मीच. एम.ए.ला गेले होते तेव्हा. तीन दिवस नव्हे, फार तर अर्धा तास, आणि एका माळ्याने वाट दाखवली. मग तीन दिवस कायले म्हटलं, असं त्यांनी विचारलं. मुली कमी पडतात, विषय जाईल, मी जाईन, हे मी पहिल्यांदाच कोणासमोर काही न वाढवता बोलले. त्यांनी पाना उचलून पंख्याचा एक नट आवळला.

“दुर्बीण?”

“तीही खोटी.”

“पोरी जिथं हरपतेत थे जागा तुमालेच ठाऊक,” ते म्हणाले. “मंग तुमीच नेऊन द्या तिले. हरपली त तुमाले धरीन.”

शेवटच्या तारखेला पहाटेच्या गाडीने माझ्या विसाव्या मुलीला मी स्वतः अमरावतीला घेऊन गेले. रांग एवढी लांब होती की तिचं शेपूट बडनेऱ्यात असावं. इमारती अजून तशाच उंच, आणि कोणीही कोणाकडे बघत नव्हतं. खिडकीपाशी पोचेपर्यंत आम्ही एकमेकींना सोडलं नाही. मनगट कोणी कोणाचं धरलं होतं ते सांगता येणार नाही. खिडकीतून एक हात आला, त्याने टी.सी. ओढून घेतली, शिक्का मारला. एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी मोठा आवाज होईल.

स्टँडवर ती मला गाडीत बसवायला आली. मी खिडकीतून शंभर सूचना दिल्या. तिने ऐकून घेतल्या आणि विचारलं, “तुमी जासान ना नीट, मॅडम?”

ऑगस्टात जीप आली. साहेबांनी मुली मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि विसावी कुठे आहे असं विचारलं. माझ्या तोंडाशी सात गोष्टी तयार होत्या, सातही चांगल्या. मी म्हटलं, “अमरावतीला. मीच पोचवून आले.”

त्यांनी आकडा लिहिला. अतिरिक्त झाल्याचं पत्र दिवाळीनंतर आलं.