सातवं डोकं

माझी धाकटी जाऊ खालच्या खोलीत पाळणाघर चालवते. मी वर राहते आणि मला पोरांचा गलका सहन होत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

नवा कायदा आला. परवाना हवा, आणि एका बाईने सहाच मुलं सांभाळायची. हिच्याकडे सात. सातवी म्हणजे एका नर्सची तान्ही पोर; तिच्या आईच्या ड्युटीच्या वेळा अशा की दुसरं कुठलं पाळणाघर दारात उभं करत नाही. धाकटीने खिडकीला जाळी बसवली, औषधं उंच कपाटात ठेवली, पण सातवीचं काय करायचं या विचारानेच तिच्या तोंडचं पाणी पळालं. परवाना नाकारला तर पाळणाघर बंद. तपासणीच्या सकाळी तान्हीला माझ्या मांडीवर टाकून म्हणाली, "जाऊबाई, तासभर. पाया पडते." मी कुरकुरले, पण घेतली.

तपासनीस बाई आल्या. मी तान्हीला वर निजवून जिन्यात कान देऊन बसले; तिथून खालची खोलीही दिसते. धाकटीने पढवल्यासारखं सांगितलं, मुलं सहा. बाईंनी गाद्या पाहिल्या, न्हाणीघर पाहिलं, सगळं ठीक. तेवढ्यात खाऊची वेळ झाली. खाऊआधी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजायची हिची कायमची सवय. सहाव्या डोक्यावर हात थांबला आणि ही पांढरीफटक.

"एक कमी आहे. तान्ही कुठंय?"

झालं! कर्म माझं. आपण काय बोलून गेलो हे उमगलं तशी तिने तोंडावर हात दाबला. वर तान्हीनेही नेमकं तेव्हाच भोकाड पसरलं. आता लपवायचं काय राहिलं? मी तिला उचलून खाली उतरले आणि रागारागात म्हणाले, "ही घ्या सातवी. आणि मदतनीस लागत असेल तर माझं नाव लिहा."

मदतनिसाला सरकार प्रशिक्षण देतं, वर मानधनही देतं, हे बाईंनीच सांगितलं. पण ते होईपर्यंत खाली सहाच. खोटं बोललात हे लिहावं लागेल, परवान्याचं वरिष्ठ ठरवतील, असंही म्हणाल्या.

उत्तर अजून आलेलं नाही. दार वाजलं की आम्ही दोघीही आधी पोस्टमन आहे का ते बघतो. तोवर तान्ही माझ्याकडे. खाऊच्या वेळी धाकटी सहा डोकी मोजते आणि जिन्याखालून हाक मारते. मी वरून "सात" म्हणते, तेव्हा कुठे ती डबे उघडते.