फुटाण्याची सालं

मंगळवार, ९ फेब्रुवारी १९३७, दुपारचे सव्वातीन. मखमलाबादच्या वाटेवरच्या मळ्यात साळूबाई मेथी उपटते आहे. मुळांची माती झटकायची, मुठी जुळवायच्या, केळीच्या भिजवलेल्या दोरीनं जुडी बांधायची आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवायची. तासाभरात तीस जुड्या होतात. सहावा महिना लागल्यापासून ती वाकत नाही. बसून, सरकत सरकत वाफा संपवते.

तिचं वय बावीस. नवरा फकिरा नाशिक रोडच्या मालधक्क्यावर हमाली करतो आणि रविवारी घरी येतो. बाकीचे सहा दिवस मळ्यात ती आणि तिची सासू, आक्काबाई. शेजारचा मळा ओढ्यापलीकडे. रोज सकाळी नाशकाच्या बाजारात ती जुड्या विकते तेव्हा शे-दीडशे माणसं तिच्याशी बोलतात, पण सगळी जुडीच्या भावाचंच बोलतात.

तिला आधी दोन मुलं झाली. पहिलं घटकाभर जगलं, दुसरं तेवढंही नाही. नावं ठेवायची वेळ आली नाही. मळ्यात त्यांचा विषय निघत नाही. फकिराही रविवारी काढत नाही.

घरात खाण्याचे दोन नियम आहेत. विकायची जुडी घरी शिजवायची नाही. बाजारातून परत आलेली, पिवळी पडलेली असेल ती घरची. हिवाळ्यात मेथी सहसा परत येत नाही, म्हणून ताटात चटणी आणि भाकरी. दुसरा नियम आक्काबाईचा. पोटुशी बाईनं पाचव्या महिन्यापासून अर्धीच भाकरी खायची. यामागे तिची लेक चतुरा आहे. चतुराच्या सासरी दुभतं होतं, खायला कमी नव्हतं. ती बाळंतपणात दोन दिवस अडली आणि गेली. मूल मोठं होतं, असं तिथल्या बायका म्हणाल्या. आक्काबाईनं ते धरून ठेवलं. ती बाई खाष्ट नाही. सून अर्धी खाते त्या दिवसांत तीही अर्धीच खाते.

अकरा दिवसांपूर्वी बाजारात जैतुनबी मेथी घ्यायला थांबली. ही भद्रकालीजवळ राहणारी सुईण. साळूबाईची दोन्ही बाळंतपणं तिनंच केली. तिनं जुडी हातात घेतली आणि साळूबाईचं मनगट धरून पाहिलं.

"साऱ्या नाशकाला पाला खाऊ घालतेस बेटी. तुझ्या ताटात काय असतं?"

"चटणी."

"आणि भाकरी?"

"अर्धी. मूल मोठं व्हायला नको म्हणून."

"मोठं?" जैतुनबी हसली नाही. "दोन्ही पोरं माझ्या या हातात मावत होती. रडायलासुद्धा ताकद नव्हती त्यांना. मोठ्या मुलाची भीती सासूला. मला लहानाची हाय. हे तर दिवस राहायच्या आधीच सांगायला पाहिजे होतं, चुकलं माझं. पालेभाजी खा, डाळ खा, शेंगदाणे खा. भाकरी अख्खी खा."

"घरात कसं खाऊ?"

दुसऱ्या दिवशी साडेआठला जैतुनबीनं पदराआडून एक पुडी दिली. फुटाणे, शेंगदाणे, गुळाचा खडा.

"माझ्या चुलीवरचं तू खाणार नाहीस, ते मला ठाऊक हाय. हे भडभुंज्याकडचं हाय. आणि फुकट देत नाय मी! दोन वेळा तुझ्या दारातून सुइणीच्या मानाच्या लुगड्याशिवाय परत गेले. यंदा घेतल्याशिवाय सोडत नसते."

तेव्हापासून, सासू सोबत असते तो बुधवार सोडून, रोज परतताना साळूबाई नदी ओलांडून एका पडक्या विहिरीच्या कठड्याआड बसते. पुडी संपवते, कागद विहिरीत टाकते, लुगड्याचा ओचा झटकते आणि रिकामी पाटी घेऊन निघते. तिथं तिच्याशी बोलणारं कुणी नसतं. बाळ पहिल्यांदा हललं तेही तिथंच. तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

आज ओचा नीट झटकला गेला नाही. साडेचारला ती जुड्या मोजायला उठली, तेव्हा फुटाण्याची सालं आक्काबाईच्या पुढ्यात गळली.

आक्काबाईनं एक साल उचललं. "कुणी दिले?"

"जैतुनबीनं."

"कधीपासनं?"

"दहा दिस झाले."

"चोरून खातीस व्हय साळे? माझी चतुरा दोन दिस वरडत होती. ठावं हाय ना तुला?"

"ठावं हाय, आत्याबाई. पण जैतुनबी म्हणती आपली पोरं लहान व्हती. हातात मावत व्हती."

आक्काबाईनं हातातलं साल खाली ठेवलं. दोन्ही बाळंतपणांच्या वेळी ती दाराबाहेर बसून होती. मुलं तिच्याकडे आली ती फडक्यात गुंडाळलेली, आणि फडकं उघडायची हिंमत तिला झाली नव्हती.

"खरंच एवढी व्हती?" तिनं आपला तळहात पाहत विचारलं.

"मला कुठं दाखवली?"

साळूबाईनं जुड्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

दिवस मावळायच्या आत जेवणं झाली. ताटात अर्धी भाकरी आणि चटणी. उरलेल्या भाकरीचं टोपलं आक्काबाई रोज शिंक्यावर टांगते. आज ते चुलीपाशीच राहिलं. ती बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. साळूबाईनं टोपल्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग उरलेला अर्धा तुकडा घेऊन कोरडाच खाल्ला.

"ती सुईण कितीला येती बाजारात?" बाहेरून आवाज आला.

"साडेआठला."

"मीच इचारते तिला."

उद्या बुधवार. नदीकाठी आठवड्याचा बाजार भरतो, म्हणून मळ्यातून एकाऐवजी दोन पाट्या जातात. दुसरी पाटी आक्काबाईच्या डोक्यावर असते, आणि सातच्या आत दोघी शेजारीशेजारी बसलेल्या असतात.