काठ चालतो का?

पैठणला नावेत बसताच मी झोपलो आणि गोदावरीची सगळी सफर घोरत केली. वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला, औरंगाबादचे दरवाजे मात्र वाटाड्यामागून जागेपणी पाहिले.

पाटोद्याच्या बाजारात खोगिरं शिवणारा माझा दोस्त स्वतः कधी वेशीबाहेर गेला नव्हता. परतलेल्या प्रत्येकाला ओट्यावर बसवायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. माझी लेणी, किल्ला, दरवाजे त्यानं हुंकारत ऐकले.

"आता नावेतलं सांग," म्हणत त्यानं दोन्ही हातांनी ओट्याची कड घट्ट धरली. "मधी गेल्यावर काठच चालाया लागतो म्हणं. खरं हाय का?"

थाप तयार होती. पण ते हात पाहून जीभ वळेना.

"झोप लागली रे मला."

त्यानं डोळे उघडले.

"मग गेलतास कशाला रं?"