चाचांची हजयात्रा आणि माझी कॉलेजची पँट

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लिहावं असं माझ्यात काही नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि कॉलेजात गेलं म्हणजे लिहिता येतंच असा घरच्यांचा समज आहे. तो मी अजून मोडलेला नाही, एवढंच. त्यातून ज्या कार्यक्रमाबद्दल लिहितोय तो माझ्या धर्मातला नाही. त्यातलं मला जेवढं दिसलं तेवढंच कळलं, आणि दिसलंही डोक्यावरचा रुमाल सांभाळता सांभाळता. तेव्हा चूकभूल माफ करावी. फक्त मनातल्या मनात करू नये, तोंडानं ‘माफ केलं’ असं म्हणावं. असं का, ते पुढे येईल.

आमचा तांडा आर्णीपासून चार किलोमीटरवर. घरात आम्ही आमच्या बंजारा बोलीत बोलतो, बाजारात वऱ्हाडीत, आणि टेलरचाचांच्या दुकानात जी तोंडात येईल तिच्यात. चाचांचं दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. पहिलीपासून बारावीपर्यंत माझा प्रत्येक गणवेश त्यांनीच शिवला. टेप गळ्यात, खडू कानामागे, आणि माप घेताना नेहमी एकच वाक्य : “पोरगा हाय, भरंल.” म्हणजे कंबर दोन इंच जास्त, लांबी चार बोटं जास्त. शाळेत सगळ्यांचंच तसं असायचं, म्हणून कुणी कुणाला हसत नव्हतं.

यवतमाळला कॉलेजात नाव घातलं तेव्हा याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, शाईच्या रंगाचं कापड पसंत केलं आणि चाचांकडे टाकलं. चाचांनी जीव लावून पँट शिवली. समोर चार चुण्या, पायात एवढा घेर की वाऱ्याला फडफडावी, आणि कंबर माझ्यासारखे दीड जण मावतील इतकी. पहिल्याच दिवशी वर्गात मागच्या बाकावरून आवाज आला, “उभे राहा रे, हेडमास्तर आले!” पुढचं वर्षभर माझं नाव हेडमास्तरच राहिलं.

मी चाचांना काही बोललो नाही. याडीलाही नाही. पँट घडी करून घरच्या पेटीत ठेवली आणि यवतमाळच्या दुकानातून तयार जीन्स घेतली. आर्णीला उतरलो की दुकानावरून जाताना मोबाइलमध्ये बघत जायचो. चाचांनी दोन-तीनदा हाक मारली. मी ऐकू न आल्यासारखं केलं. एवढा मोठा माणूस, त्याला कसं सांगायचं?

मागच्या वर्षी चाचा-चाचींचा हजचा नंबर लागला. बरीच वर्षं अर्ज करत होते. गावभर पेढे वाटले, आणि मग चाचांनी जुनी स्कूटर काढली. हजला जाणारा माणूस निघण्याआधी ओळखीच्या सगळ्यांकडे जाऊन बोलल्या-चालल्याची माफी मागतो. कुणाचं मन दुखावलेलं ठेवून अल्लाच्या दारात उभं राहायचं नाही, असं ते म्हणत. आता चाचा पडले टेलर. चाळीस वर्षांत तालुक्यातल्या कोणत्या माणसाचं त्यांनी मन दुखावलं नसेल? वेळेवर दिलेला कपडा कुणाला आठवत नव्हता.

बसस्टँडवरच्या चहावाल्यानं तर गिऱ्हाइकांसमोर सुरू केलं, “माझ्या लग्नात मी घोड्यावर बसलो होतो, अन् हा माणूस खालून पँटीच्या पायाची शिलाई मारून राह्यला होता. घोडा चालला तसा हाही सुई घेऊन चालला!”

“मंग माफ नाही करत का, भाऊ?” चाचा हात जोडून.

“कायचं नाही करत? केलं माफ. पण घोड्यालेही विचारून घेजा.”

आमच्या तांड्यावर आले तेव्हा मी सुट्टीत घरी होतो. चाचांना लिंबाखाली बाजेवर बसवलं. बघता बघता बाया जमल्या. एका म्हातारीनं दोन्ही हात पुढे केले. “तुनं माझ्या पोलक्याची एक बाही लांब केली अन् एक आखूड. दोन वर्षं मी एक हात वर धरून फिरली!” दुसरी म्हणाली, तिच्या लुगड्याचा फॉल होळीला दिला होता तो दिवाळीला मिळाला. याडीची तक्रार उरलेल्या कापडाची. “दरवेळी मी जास्त कापड आणते, अन् दरवेळी तू म्हणतो पुरलं नाही. माझ्या कापडाच्या किती उश्या झाल्या तुझ्या घरी?”

“तीन,” चाचा म्हणाले. “अन् एक गोधडी.”

सगळ्या हसल्या. मग एकेकीनं ‘माफ केलं’ म्हटलं, याडीनं चहा दिला, आणि चाचा माझ्याकडे वळले.

“बेटा, तुझंबी काही मनात असंल तर माफ कर.” त्यांनी हात जोडले.

आमच्यात मोठ्या माणसानं लहानापुढे हात जोडले तर लहानाला पाप लागतं असं मानतात. मी घाबरलो. झटकन त्यांचे जोडलेले हात सोडवले आणि पाया पडलो. “नाही चाचा, तुम्ही काहून माफी मागून राह्यले? माझं काहीच नाही मनात.”

“असंल काही.”

“काहीच नाही. तुम्ही मोठे. मी कोण माफ करणारा?”

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. मी तिसऱ्यांदा पाया पडलो. सगळ्या बाया कौतुकानं माझ्याकडे बघत होत्या. कॉलेजात जाऊनही पोरगा किती नम्र, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा, आणि ते मला आवडलं. चाचा मात्र उठले. स्कूटरला तीन किका मारून निघून गेले. चहा अर्धा राहिला होता.

निघायच्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी दुआ आणि जेवण होतं. आमच्या घरातून मी गेलो. खिशात मोठा रुमाल होता. तो डोक्याला बांधला, पण गाठ मागे मारायची की बाजूला हे ठाऊक नव्हतं. मी पुढे मारली. अंगणात सतरंजीवर माझ्या शेजारी एक पांढऱ्या दाढीचे, जाळीची टोपी घातलेले गृहस्थ बसले होते. मला हायसं वाटलं. म्हटलं, हे करतील तसं करू. मौलवी साहेबांनी दुआ सुरू केली. गृहस्थांनी हात ओंजळीसारखे पुढे धरले, मीही धरले. सगळे मधेमधे ‘आमीन’ म्हणत होते. आम्ही दोघं थोडं मागाहून म्हणायचो. शेवटी हात तोंडावरून कधी फिरवायचे म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं, तर तेही माझ्याकडेच बघत होते. सगळ्यांचे हात फिरवून झाले, आमचे दोघांचे तसेच हवेत.

“तुमाले माहीत नाही का?” त्यांनी हळूच विचारलं.

“नाही जी. मी तर तांड्यावरचा.”

“मले वाटलं गाठ पुढं मारली म्हणजे जाणता असंल. मी एसटीतला कंडक्टर होतो, आता रिटायर. चाचांनं माझ्या खाकी पँटीचा खिसा उलटा शिवला होता, म्हणून बोलावलं हाय. ही टोपीबी त्यायचीच.”

त्या उलट्या खिशाचं माफ करून मोकळे झालेले ते गृहस्थ मग बिर्याणीवर तुटून पडले. माझ्यापुढे मात्र चाचीनं वरण-भाताचं ताट ठेवलं. “तुज्यासाठी अलग बनवलं बेटा, अलग बर्तनात.” आमच्या तांड्यात बोकडाचं काहीही वाया जात नाही. पण एवढ्या मायेनं केलेलं ताट परत कसं करायचं? मी वरण-भात दोनदा मागून घेतला आणि शेजारच्या ताटाचा वास घेत राहिलो.

हात धुवायला गेलो तिथे चाचांची मुलगी उभी होती. आता दुकान तीच बघते. शाळेत माझ्या एक वर्ग पुढे होती, म्हणून मला अरे-तुरे करते.

“तुनं अब्बाले माफ काहून नाही केलं?”

“मी? मी तर तीनदा पाया पडलो!”

“पाया पडायले कोणी सांगितलं होतं? माफी मागितली त्यायनं. तांड्यावरून आले तेव्हापासून एकच घोर लागला हाय. म्हणते, सगळ्या गावानं शिव्या देऊन माफ केलं, तो पोट्टा काही बोलतच नाही. दुकानावरून तोंड फिरवून जातो, म्हणजे आहे काहीतरी मनात. अन् माफ कर म्हटलं तर नाही म्हणतो. ते तिकडं जाऊन तुलेच आठवत बसतीन.”

“पण मनात काही नाही...”

“मग दुकानावरून जाताना मोबाइलमधी काय पाहत जातो रे? आपल्या गल्लीत तर रेंजच नाही राहत.”

मी नळ बंद केला. नम्रपणा म्हणून मी जे केलं होतं तो सरळ नकार होता, हे तेव्हा, त्या नळापाशी माझ्या डोक्यात शिरलं. आता जाऊन म्हणायचं फक्त, असं ठरवून मी वळलो. पण चाचा तोवर हारांत बुडाले होते. गळ्यापासून डोळ्यांपर्यंत गुलाब आणि झेंडू. नागपूरला नेणारी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि अख्खी गर्दी त्यांना घेऊन तिकडे निघाली होती. चहावाला, कंडक्टर, मौलवी साहेब, सगळे पुढे. मी कोपर मारत, माफ करा माफ करा म्हणत घुसलो. गंमत अशी की ज्यांना म्हणायचं नव्हतं त्या सगळ्यांपुढे तो शब्द माझ्या तोंडून पटापट निघत होता.

गाडीच्या खिडकीशी पोचलो तेव्हा इंजिन सुरू झालं होतं. चाचांनी हार बाजूला करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, नुसतं माफ केलं म्हणणं खोटं होईल. आधी खरं सांगायला पाहिजे.

“चाचा, पँट!”

“काय?”

“कॉलेजची पँट! लई ढगळ झालती! पोट्टे मले वर्षभर हेडमास्तर म्हणत होते!”

मौलवी साहेबांनी माझ्याकडे बघितलं. कंडक्टरनं टोपी काढून डोकं खाजवलं. चाचांचं तोंड उघडं राहिलं, आणि मी पुढचे दोन शब्द बोलणार तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडी सोडली. पोरंटोरं ओरडत मागे धावली. त्यांच्यात मीही होतो, पण वळणावर गाडी गेली.

चाचांच्या मुलीनं कपाळाला हात लावला. “वा रे वा. तक्रार सांगितली, अन् माफी ठेवून घेतली.”

संध्याकाळच्या बसनं यवतमाळला आलो. खोलीवरचा मित्र मुकुटबनकडचा. त्याला सगळं सांगितलं तर तो गादीवर आडवा होऊन हसला. “हजले चाललेल्या माणसाले तुनं पँटीसाठी अडवलं बे?” मला हसू येत नव्हतं. चाचांचा फोन बंद लागत होता. मुलीला विचारलं तर म्हणाली, तिकडचं सिम घेतलं की लागेल, निरोप पाठवून ठेव.

मी मोबाइलवर आवाजातला निरोप पाठवायचं ठरवलं. पहिल्यांदा ‘आदरणीय चाचा’ असं म्हटलं, ते भाषण वाटलं. दुसऱ्यांदा मधेच मित्र खोकला. तिसऱ्यांदा हिंदीत सुरू केलं आणि क्रियापदावर अडलो. बऱ्याच वेळानं जो गेला तो असा होता : “चाचा, पँट ढिली होती. मले राग आलता. मी सांगितलं नाही अन् दुकानात येणंच सोडलं, ते माझं चुकलं. तुमाले माफ केलं. तुम्हीबी मले माफ करा. अन् चाचीले सांगजा, मी मटण खातो.”

निरोपाखाली एक टिक उमटली. दुसरी, पोचल्याची, उमटेना. सकाळी उठून बघितलं, एकच. वर्गात बाकाखाली धरून बघितलं, एकच. प्राध्यापक अर्थशास्त्र शिकवत होते आणि मी विचार करत होतो, चाचा आता कुठे असतील, रांगेत असतील का, आणि एवढ्या लांब जाऊन त्यांच्या डोळ्यांपुढे माझी पँट येत असेल का. घरी फोन केला तर याडी म्हणाली, “मी तर उश्याचंबी माफ केलं. तुले एक पँट जड झाली?”

सहाव्या दिवशी दुपारी, मी कॉलेजच्या गेटबाहेर ऑटोची वाट बघत असताना, चाचांच्या मुलीचा फोन आला.

“अब्बाचा फोन आलता. पोचले. अम्मीचे पाय सुजले, बाकी बरे हायेत.”

“माझा निरोप?”

“ऐकला. आधी एकट्यानं ऐकला, मंग अम्मीले ऐकवला, मंग सोबतच्या सगळ्यायले. रडले थोडे. अन् मंग हसले. म्हणे, आता मोकळ्या मनानं जातो आत.”

मी म्हटलं, “अजून काही म्हणाले?”

“मले काम लावलं. त्याच्या याडीकडून पँट आणून ठेव म्हणे. फक्त आणून ठेवजो, तू कैची नको लावू. माप मी आल्यावर घेतो.”